तिसरं तिकीट

दहिवली, कर्जत
५ जून १९४९

चि. येसाजीस दादाचा आशीर्वाद.

मुंबईहून तुझ्या चिली देशाला थेट आगबोट नाही. हे परवा आगबोटीच्या कचेरीतल्या कारकुनाने मला दोनदा सांगितलं आणि शेजारच्या बाकावर बसलेल्या लोकूमल नावाच्या सिंधी गृहस्थांनी त्याला दुजोरा दिला. त्यांचा भाऊ तुझ्याच बंदरात कापडाचं दुकान चालवतो, तेव्हा माहिती पक्की समजायला हरकत नाही. तीस वर्षं घाटात रेल्वेच्या सांध्यावर, गाड्यांचे रूळ बदलायची नोकरी केली. ऐकीव गोष्ट मी कागदावर घेत नाही.

तू लिहितोस, "दादा, बंदरावर जा, बोटीत बस आणि इकडे उतर." अरे, तू बावीस वर्षांपूर्वी बोटीच्या कोळशाच्या कोठीत बसून गेलास. तुला तिकिटाची काय माहिती? ऐक आता. मुंबईहून आफ्रिकेच्या टोकाला एक बोट. तिथे उतरून दुसऱ्या बोटीची वाट बघायची. ती कधी येईल ते तिची तिलाच ठाऊक. ती पलीकडच्या समुद्राला, अर्जेंटिनाच्या बंदरात सोडणार. तिथून आगगाडीने डोंगर ओलांडला की मग तू. एकूण सहा आठवडे. आणि तू लिहितोस "सुट्टीला या". सहा आठवडे जायला, सहा यायला. ही सुट्टी की वनवास?

तुझी फिरण्याची यादी मी शाळेच्या मास्तरांना दाखवली. त्यांनी भिंतीवरच्या नकाशाला दोरा लावून तुझा देश मोजला. अडीच हजार मैलांच्या वर लांब. तेवढाच दोरा दहिवलीपासून उत्तरेला धरला, तर तो काश्मीर ओलांडून रशियात गेला. आणि रुंदी बघून तुझी वहिनी म्हणाली, "ह्यो देश हाय का लुगड्याचा काठ? एवढ्याशा काठावर मानसं ऱ्हात्यात?"

त्या काठाचं वरचं टोक ते खालचं टोक तू आम्हाला दोन महिन्यांत दाखवणार. वर तू सोऱ्याच्या खाणीत राबलास ते वाळवंट, मधे द्राक्षांचे मळे, मग तळी आणि धूर काढणारा डोंगर, त्याखाली बोटीतून बर्फाचे कडे. एवढ्याने भागलं नाही म्हणून भर समुद्रातलं दगडी पुतळ्यांचं बेट, जिथे वर्षातून एकदा बोट जाते! ती चुकली म्हणजे? पुढच्या वर्षापर्यंत आम्ही पुतळ्यांशी गप्पा मारायच्या? बेट काट. मी माझ्या प्रतीवर काटलं आहे.

मला यातली एकच गोष्ट बघायची आहे, आणि तीच नेमकी तुझ्या यादीत नाही. तो डोंगर ओलांडणारी आगगाडी. तिचं चित्र आमच्या साहेबाने मला सोळा वर्षांपूर्वी एका मासिकात दाखवलं होतं. मधोमध दात्यांचा तिसरा रूळ आणि इंजिनाचं चाक त्या दात्यांत अडकवून वर चढतं. तुझ्या ओळखीचा कोणी तिकडे रेल्वेत असेल तर विचार. आपल्या घाटात उतरणीची गाडी कॅबिनपाशी पूर्ण थांबते, मगच आम्ही तिला खालचा मार्ग देतो. एरवी सांधा चढावरच्या, पुढे रूळ संपणाऱ्या आंधळ्या फाट्याकडे लावून ठेवलेला असतो, म्हणजे ब्रेक सुटलेली गाडी त्या चढावर जाऊन आपोआप दम टाकते. त्यांच्याकडे बर्फात ही व्यवस्था कशी करतात? चालत्या गाडीला मार्ग देतात की काय? मला डाव्या बाजूची खिडकी हवी. चित्रात दरी डावीकडे आहे.

तिकिटं तीन काढायला सांग. तुझ्या इंदूवहिनीला एवढ्या लांब सोबत हवी, म्हणून तिच्या माहेरची एक बाई येणार आहे.

तू मागे ठेवून गेलास ती मैना तिच्या पाटाच्या दुसऱ्या नवऱ्याकडे सुखात आहे का, असं तू विचारलं आहेस. ठीक आहे. बाकी सवडीने लिहीन.

आबाजी


दहिवली
२० जुलै १९४९

चि. येसाजीस आशीर्वाद.

डिसेंबरात तुमच्याकडे कडक उन्हाळा असतो, हे आता नक्की. मास्तरांनी आमच्या ओटीवर कंदील ठेवून आणि नारळ तिरपा धरून सगळ्यांना पटवून दिलं. सगळ्यांना म्हणजे इंदू सोडून. ती म्हणाली, "नारळ तिरका धरला म्हनून थंडी उनाळ्यात जाती व्हय?" आणि गोधडी बांधायला घेतली. मी सांगितलं, वाळवंटात जायचं आहे. तर म्हणते, "बरफात पन जायाचं हाय ना?" आता यावर काय बोलशील? तुझ्या एका देशासाठी उन्हाळ्याचे कपडे, थंडीचे कपडे, पावसाची इरली असं सगळं घ्यावं लागतंय. माणूस महाबळेश्वरला जातो तेव्हा महाबळेश्वरचेच कपडे नेतो.

तू कडव्या वालाचं बियाणं मागितलंस. ते कशेळ्याच्या बाजारातून आणवलं आहे. बोटीवर बियाणं नेऊ देतात का हे लोकूमलना विचारतो. तेही सहकुटुंब त्याच बोटीने निघायचं म्हणताहेत. सध्या कल्याणच्या निर्वासितांच्या छावणीत राहतात.

गावात तुझ्या देशाची अशी काही चर्चा आहे की मला ओटीवर बसायची सोय उरली नाही. शेजारचा गजा परवा विचारत होता, "दादा, त्या वाळवंटात किती वर्सं पाऊस नाय म्हनालात?"

म्हटलं, "येसाजी लिहितो, तिथल्या म्हाताऱ्या माणसांनीही पाऊस पाहिलेला नाही."

"मग तितं बगायचं काय?"

"वाळवंट."

"त्यासाटी दोन बोटी बदलायच्या? मे म्हयन्यात खोपोलीच्या वरच्या माळावर जाऊन बसा की! येताना शिळफाट्यावर च्या पन मिळंल."

सगळी ओटी हसली. मीही हसलो असतो, पण तीन महिने कागद नाचवून माझं हसणं संपलं आहे.

पासपोर्टाच्या अर्जाला फोटो लागतात. गेल्या सोमवारी तिघं कर्जतला फोटोवाल्याकडे गेलो. तिथे निराळाच तमाशा. फोटोवाला म्हणतो, कपाळ आणि कान दिसले पाहिजेत, पदर मागे घ्या. इंदूने घेतला. इंदूच्या माहेरची ती बाई मात्र ऐकेना. माझ्यासमोर पदर काढायला तयारच नाही. फोटोवाला काळ्या कापडातून तीनदा डोकं बाहेर काढून ओरडला. शेवटी ती इंदूच्या कानात म्हणाली, "आक्का, त्यास्नी सांगा, भायेर हुबे ऱ्हावा." मग मी भर उन्हात सायकलच्या दुकानापाशी अर्धा तास उभा. दुकानदार विचारतो, "काय आबाजीशेट, पंक्चर?"

घरातही तेच. मला काही सांगायचं तर ती दाराआडून इंदूला सांगणार, आणि इंदू मला. मी दोन हातांवर बसलेलो असलो तरी! मी आणि इंदू एका खोलीत असलो, तर ती भिंतीशी बोलते. बोटीवर सहा आठवडे हे कसं चालायचं? तिथे दारं किती असतात, भिंती किती, काही कल्पना आहे?

तिचा एक प्रश्न मात्र मला रास्त वाटला म्हणून कळवतो. वाळवंटात नदी नाही, पाऊस नाही, तर बायका धुणं कुठे धुतात? याचं उत्तर पाठव. आणि घाटाच्या गाडीबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. तळ्यांबद्दल दोन पानं आहेत.

आबाजी


दहिवली
४ सप्टेंबर १९४९

येसाजी,

तिघांचे पासपोर्ट मंजूर झाले. ठाण्याचे हवालदार स्वतः सांगून गेले. पण आज लिहायचं कारण दुसरं आहे, आणि ते तुला बहुधा समजलेलंच आहे.

तुझं पत्र बुधवारी आलं. मी मुंबईला देवीच्या लशीच्या दाखल्यासाठी गेलो होतो. घरात माझ्या माघारी तुझं पत्र कोणी उघडत नाही, कारण वाचणारं कोणी नसतं. यावेळी शकू खालापूरहून आलेली होती. तुला शकू ठाऊक नाही. तू गेलास त्याच्या पुढच्या वर्षी ती झाली. तुझी एकुलती पुतणी. सातवी पास आहे. तिची आई म्हणाली, वाच. ती ओटीवर बसून मोठ्याने वाचू लागली.

मी नेहमी गाळून वाचतो. शकूला गाळायचं काय, हे माहीत नव्हतं.

पहिल्यांदा धुण्याचं उत्तर आलं, की खाणीवर पाणी आगगाडीने येई आणि आठवड्याचं धुणं एका पिंपात होई. सगळ्यांना मजा वाटली. मग शकूने पुढचं वाचलं. तू लिहिलेलं तुलाच पुन्हा सांगतो, म्हणजे माझ्या घरात ते कसं वाजलं असेल ते कळेल. "दादा, वहिनीच्या माहेरची बाई तुझ्यापुढे पदर का घेते? मेहुणी मेहुण्याची थट्टा करते, त्याच्याआड भिंतीशी बोलत नाही. आपल्या घरात तुझ्यापुढे पदर घेणारी एकच होती. तिचा तर तू एकोणीस वर्षांपूर्वी पाट लावून दिलास. मग ही कोण?"

मी संध्याकाळी आलो तेव्हा शकू चुलीपाशी रडत होती. इंदूने पाण्याचा तांब्याही पुढे केला नाही. म्हणाली, "कुनाचा पाट लावलात हो? कंदी? लगनाला मला बोलवायचं तरी!"

मैना सुपात वाल निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. खडा दिसला की बाजूला टाकी, पुढचा दाणा घेई. मी बराच वेळ उभा राहिलो. सूप संपलं, तिने दुसरं घेतलं.

तर ही ती. तुझी बायको मैना कुठेही गेलेली नाही. तू गेलास तेव्हापासून ती या घरात आहे. तुझ्या वाटणीचं भाताचं खाचर तीच लावते. मंगळसूत्र तिच्या गळ्यात आहे.

आता खरं सांगतो, आणि हे कोणाकडून पक्कं करून घ्यायला नको. तू रूळ दुरुस्तीच्या गँगची नोकरी सोडतोस म्हणून मी तुला चारचौघांत थोबाडीत मारली, आणि तू दुसऱ्या दिवशी गेलास. आई तुझं नाव घेत १९२९ साली गेली. पुढच्या वर्षी तुझं पहिलं पत्र आलं. त्यात आईची साधी चौकशीही नव्हती. मजेत आहे, दोन वर्षांनी येतो, मैनाला वाट बघायला सांग, एवढंच होतं. माझं डोकं फिरलं. मी विचार केला, याला नुसतं ये म्हणून हा यायचा नाही. याला झोंबलं पाहिजे. बायको दुसऱ्याच्या घरी गेली असं वाचलं, की रागाने का होईना, धावत येईल. भांडायला येईल. आल्यावर बघेल तर मैना दारात उभी. म्हणून मी तसं लिहिलं, आणि घरात एवढंच सांगितलं की येसाजी जिवंत आहे.

मी घाटातला माणूस. ब्रेक सुटलेली गाडी आंधळ्या फाट्यावर घेतली की थांबते आणि परत येते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. माणसाचंही तसंच असेल असं वाटलं. तू आला नाहीस. वर्षाने मी खरं लिहून दुसरं पत्र टाकलं. ते "या पत्त्यावर माणूस नाही" असा शिक्का घेऊन परत आलं. तू तोवर उत्तरेला खाणीवर गेला असशील. ते पत्र तसंच बंद माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे.

पुढे तुझी पत्रं पुन्हा येऊ लागली तरी मी गप्प राहिलो. घरात मला विचारणारं कोणी नव्हतं. इंदूला तुझ्या पत्रातला मजकूर माहीत नव्हता. आणि मैना माझ्याशी बोलत नाही, कारण आपल्यात धाकट्या भावाच्या बायकोने बोलायचं नसतं. त्या रीतीचा मला एकोणीस वर्षं आसरा झाला.

यंदा तुझं आमंत्रण आलं तेव्हा मी ते गाळून वाचलं. तुझी तिकडची बायको आणि दोन मुली हेही गाळलं. मैनाने इंदूकडून निरोप पाठवला, "माझा पन फोटू काढायचा." तिला कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? पासपोर्टाच्या अर्जात मी तिच्या नवऱ्याचं नाव येसाजी असंच लिहिलं आहे. सरकारला खरं सांगितलं आणि भावाला खोटं.

आता तिला सगळंच कळलं आहे. तुझ्या पत्राचं शेवटचं पान मुलींबद्दल होतं. शकूने तेही वाचलं. चार दिवस झाले, मैना भिंतीशीही बोललेली नाही. इंदू माझ्याशी फक्त "जेवा" एवढंच बोलते. बोटीला दहा आठवडे आहेत, गोधड्या बांधून पडल्या आहेत, आणि कोण येणार, कोण नाही, मला काही सांगता येत नाही. तू तिकिटं रद्द करतोस का, तेही कळव. करू नकोस, असं म्हणायचा मला हक्क नाही.

आबाजी


दहिवली
२ ऑक्टोबर १९४९

चि. येसाजी,

मैना येणार आहे. हे तिने स्वतः मला सांगितलं.

तू तार केलीस, "तिकिटं राहू देत", ती मिळाली. तारेत एवढंच का, बाकी काही का नाही, असं वाटलं, पण मी आता कोणाला बोलायच्या स्थितीत नाही.

परवा इंदू शकूकडे खालापूरला गेली होती. मी ओटीवर नकाशा बघत बसलो होतो. काही विशेष बघत होतो असं नाही. दारात कोणी उभं राहिल्याचं जाणवलं.

"दादा, एक इचारायचं हाय."

मी सवयीने मागे वळून बघितलं, इंदू कुठे आहे म्हणून.

"आक्का घरात नाय. मी तुमालाच इचारत्ये."

पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं. येसाजी, चोवीस वर्षं एका घरात राहून मी तिचं तोंड त्या दिवशी धड पाहिलं. केस पांढरे व्हायला लागले आहेत.

"त्या वर्साला त्यांचा कागद आला, त्यात माझं नाव व्हतं?"

"होतं."

"काय लिवलं व्हतं?"

"वाट बघायला सांग, म्हणून."

ती उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "मला कुनी सांगितलं नाय. तरी बगितली का नाय?"

मी नकाशाची घडी घातली.

"आता मला तितं ऱ्हायचं नाय," ती म्हणाली. "त्यांची बायको हाय, पोरी हायेत. त्यांच्या संसारात मी पाय घालायची नाय. पन ते इतकी वर्सं समजून बसलेत, मी दुसऱ्याच्या घरी गेले. ते मला त्यांच्या म्होरं हुबं ऱ्हाऊन सांगायचं हाय, मी गेले नव्हते. मग परत येनार."

मी म्हटलं, "अगं, ते मी लिहिलंय. गेल्या महिन्यातच सगळं खरं लिहून पाठवलं."

"तुमी लिवलेलं कोन खरं मानंल?"

हे ती रागाने म्हणाली नाही. भाताला पाणी किती, असं कोणी सांगावं तसं म्हणाली.

मग म्हणाली, "आनि तुमी नाय यायचं."

मी चमकलो. "मी नाही? मग तुम्ही दोघी बायका दोन बोटी बदलून..."

"त्या सिंधीबायचं बिऱ्हाड हाय संगं. त्यांचं न्हेमी जानंयेनं हाय. आक्का हाय."

"पण मी का नाही?"

"तुमी आलात की तितं तुमीच बोलाल. आजवर तुमीच बोलत आलाय. आनि भात कापायला आलंय, झोडायचं कोनी? म्हशी कुनाच्या गळ्यात बांदायच्या, गजाच्या?"

तुला सांगतो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पासपोर्टासाठी मी खेटे घातले, लस मी टोचून घेतली, हात पाच दिवस सुजला होता. नकाशा मी मोजला, बेट मी काटलं. आणि बर्फ बघणार इंदू! जिला नारळ तिरका धरलेला पटत नाही! मी म्हटलं, "मैना, तुमच्या वाळवंटाचं मला काही नाही. मला फक्त ती घाटाची गाडी बघायची होती. सोळा वर्षं डोक्यात आहे."

ती जायला निघाली होती, ती थांबली. "काय बगायचं असतं तिच्यात?"

"सांगून काय उपयोग?"

"सांगा की. मी बगून यीन. मी खिडकीशी बसन."

इंदू संध्याकाळी आली तेव्हा मी ओटीवर खडूने घाट काढून मैनाला सांधा समजावत होतो आणि ती समोर बसून विचारत होती, "मंग गाडी थांबली का नाय हे तुमाला रातचं कसं कळायचं?" इंदूच्या हातातली पिशवी तिथेच राहिली. म्हणाली, "अगं बाई! आता माझं काम काय ऱ्हायलं ह्या घरात?"

तुझी वहिनी आता माझ्याशी बोलते. म्हणजे ओरडते, पण बोलते.

आबाजी


दहिवली
९ नोव्हेंबर १९४९

चि. येसाजीस आशीर्वाद.

बोट सोमवारी, चौदा तारखेला दुपारी सुटणार. लोकूमलनी काल माणूस पाठवून कळवलं आणि मी आगबोटीच्या कचेरीत जाऊन खात्री केली. तिसरं तिकीट परत केलं. अखेर तिसरं माणूस मीच निघालो.

हे पत्र मी मोठ्याने वाचून दाखवतो आहे. मैना समोर बसली आहे. तशी तिची अट आहे. यापुढे तुझी पत्रं शकू वाचेल, सगळीच्या सगळी.

सामान पाच डाग. गोधड्या काढा म्हणून मी महिनाभर सांगितलं. एक कमी झाली आणि तिच्या जागी सुकट आली. वासावरून बोटीवर भांडण होणार. वाल नेऊ देतात. माझं परत आलेलं पत्र मैनाच्या ट्रंकेत आहे. पाकीट मी उघडलेलं नाही. तारीख शिक्क्यावर आहे, ती बघ आणि मग माझ्याबद्दल काय ठरवायचं ते ठरव.

दुसरी बोट वेळेवर मिळाली तर नाताळच्या सुमारास त्या अर्जेंटिनाच्या बंदरात पोचतील आणि वर्ष संपायच्या आत डोंगर ओलांडतील. तू स्टेशनावर येशीलच. तुझ्या तिकडच्या बायकोला आधी सगळं सांगून ठेव. बाईमाणसाला अंधारात ठेवण्याचं काय होतं ते या घराकडे बघ. मुलींना आण. मैना म्हणते, त्यांना बघायचं आहे.

गाडी दिसली म्हणून पुढे धावू नकोस. ती पूर्ण थांबू दे. मैना आधी उतरेल, मागून तुझी वहिनी गोधड्या घेऊन. तू उभा आहेस तिथेच उभा राहा आणि ती काय म्हणते ते शेवटपर्यंत ऐक. मधे बोलू नकोस. आपल्या दोघांनाही ती सवय नाही, तेव्हा जड जाईल. तिचं बोलून झाल्यावर वाळवंट बघायचं की बर्फ, की दुसऱ्या दिवशी परत फिरायचं, हे ती ठरवील. तुझी यादी खिशातच ठेव.

आता ती म्हणते, लिवा: "डाव्या अंगाची खिडकी मी धरनार, आक्काला देनार नाय. गाडी कुटं थांबती, सांदा कोन फिरवतो, समदं बगून दादांना सांगनार."

तेव्हा त्या परत येईपर्यंत मी इथे म्हशी राखणार. ती येऊन जे सांगेल, ते कोणाकडून पक्कं करून घ्यायची मला गरज पडणार नाही.

आबाजी